नाहीच्या चौकोनातली टिक

फॉर्म दिसला की तो भरून मोकळं व्हायचं, ही हिल्डा तुस्कानोची जुनी खोड. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका डब्यांच्या कारखान्यात ती बावीस वर्षं एचआरला होती. माणूस समोरच्या खुर्चीत नीट टेकेपर्यंत तिने त्याचं नाव, देश, पासपोर्ट, रक्तगट सगळं लिहून काढलेलं असायचं. धर्म तर ती चेहरा बघूनच लिहायची. आणि खरं सांगायचं तर शंभरात नव्वद वेळा तिचं बरोबरही यायचं. त्यामुळेच तर सगळा घोटाळा झाला.

हा फॉर्म मात्र चर्चचा होता. जबल अलीच्या चर्चमध्ये हिल्डा शनिवारी सकाळी मोठ्यांचा वर्ग घ्यायची, म्हणजे ज्यांना मोठेपणी ख्रिस्ती व्हायचंय त्यांचा. ऑक्टोबरात तिने लिन शूलान नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या चिनी बाईचा फॉर्म भरला. सातवा प्रश्न होता, यापूर्वी स्नानसंस्कार झाला आहे काय? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. हिल्डाने विचारलंसुद्धा नाही. चीनची बाई, जन्मभर कम्युनिस्ट पार्टीची मेंबर, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. हिचा कसला आलाय बाप्तिस्मा! तो आमच्याकडे होतो, वसईत, बाळ आठवडाभराचं झालं की पेढे वाटून. हिल्डाने खट्कन नाहीवर टिक मारली आणि आठव्या प्रश्नाकडे वळली.

शूलान तिच्याच बिल्डिंगमध्ये राहायची, दोन मजले वर. मुलगा एका चिनी सरकारी कंपनीत इंजिनिअर, तोही पार्टीचा मेंबर. सुनेच्या पाठीचं ऑपरेशन झालं म्हणून आईला घर सांभाळायला बोलावलेलं. एप्रिलअखेर व्हिसा संपला की परत. हिल्डाच्या दारावर गेल्या इस्टरच्या झावळीचा विणलेला क्रूस लावलेला होता, तो बघत ही बाई रोज संध्याकाळी कचऱ्याची पिशवी हातात धरून उभी राहायची. आठवडाभर हिल्डाला वाटलं, ही आपल्या दारात कचरा टाकायला बघतेय. शेवटी एक दिवस तिने दार उघडून विचारलंच, "क्या चाहिये?" तर बाई रडायला लागली. आता रडणाऱ्या म्हाताऱ्या बाईला दारात कोण उभं करेल? हिल्डाने तिला आत घेतलं, चहा दिला आणि पहिल्याच दिवशी तिची मावशी करून टाकली.

मावशीला इंग्रजी येत नव्हतं. तिची नात मेइ, एकोणीस वर्षांची, इथेच वाढलेली, युनिव्हर्सिटीत जाणारी पोरगी, ती शनिवारी आजीला घेऊन वर्गाला यायची आणि शेजारी बसून सगळं चिनीत सांगायची. घरी सांगितलेलं काय, तर आजीला व्यायामाच्या क्लासला नेते. चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की मेइ आधी सगळीकडे नजर टाकायची, बाबांच्या ऑफिसातलं कोणी नाही ना, आणि मगच आजीच्या बाजूचं दार उघडायची. पार्टीच्या माणसाने देव मानायचा नाही, हा तिकडचा नियम. मुलाला कळलं तर त्याला एक तर आईविरुद्ध रिपोर्ट करावा लागला असता, नाही तर गप्प राहून नोकरी धोक्यात घालावी लागली असती. दोन्हींत मावशीचा जीव अडकलेला.

आठवड्यात इतर दिवशी मावशी एकटीच खाली हिल्डाच्या किचनमध्ये यायची. स्वतःचा फोन वर घरीच, भाताच्या कुकरमध्ये झाकण लावून ठेवलेला. "फोन ऐकतो," असं तिचं म्हणणं. हिल्डाच्या फोनवर मात्र तिचा विश्वास. भारतीय बाईचा फोन, त्यात कोण कशाला डोकावेल! त्या फोनवर हिल्डाने भाषांतराचं ॲप घेतलं होतं. मावशी चिनीत बोलायची आणि फोनमधली बाई स्टेशनवर सूचना द्यावी तशा आवाजात ते हिंदीत सांगायची.

अशा तुकड्यातुकड्यांनी हिल्डाला तिची हकिगत कळली. तरुणपणी मावशी एका बौद्ध डोंगरावर गेली होती. सातशे पायऱ्या चढून वर पोचली, तर देवाच्या आधी शाळेचे हेडमास्तरच दिसले, तेही चोरून आलेले. दोघांनी एकमेकांना देखावा फार सुंदर आहे म्हणून सांगितलं आणि दोघंही हात न जोडता खाली उतरले. पुढे ती बागेत श्वासाचे व्यायाम करणाऱ्यांत जायला लागली. तिथे बरं वाटायचं. मग एका सकाळी शिकवणारा माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तो कुठे गेला, हे कोणी कोणाला विचारलं नाही. त्यानंतर गावातलं चर्च सरकारी परवान्याने पुन्हा उघडलं, तर दर नाताळला ही समोरच्या फुटपाथवर भाजलेले चेस्टनट विकत घेऊन उभी राहायची. आतली गाणी संपेपर्यंत एकेक सोलत राहायचं. आत पाऊल नाही. काही वर्षांनी दारावर कॅमेरा बसला आणि फुटपाथही सुटला.

"पन्नास बरस," फोनमधली बाई म्हणाली, "मैं दरवाज़े तक जाकर लौट आती थी।"

हिल्डाला ऐकून स्वतःचीच लाज वाटली. तिला रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवायला बहाणे सापडायचे, आणि या बाईने जन्मभर तिथे जायला बहाणे शोधले होते.

फेब्रुवारीत एक दिवस मावशीने फोन अगदी तोंडाजवळ धरला आणि हळू आवाजात काही विचारलं. फोन म्हणाला, "मैंने अपनी दादी के साथ बुरा किया। बहुत बुरा। क्या पानी से वह भी धुल जाएगा?"

"सगळं मावशी, सगळं धुतलं जाईल," हिल्डा म्हणाली. मग आठवलं, आणि तेच फोनला हिंदीत सांगितलं.

"किसी को बताना पड़ेगा?"

"नाही हो, स्नानसंस्काराच्या आधीचं काही सांगावं लागत नाही. पाणी पडलं की खलास!"

खलास हा शब्द दुबईत कोणाला सांगावा लागत नाही. मावशीला फोनची गरज पडली नाही. तिने हिल्डाचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. हिल्डाही खूश. एका जिवाचं ओझं उतरवलं, असं तिने रात्री जेवताना नवऱ्याला, पॅट्रिकला सांगितलंसुद्धा.

आता ऐका पुढे काय झालं ते.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, वर्गात रंगीत तालीम होती. पुढच्या शनिवारी पास्काविधी, म्हणजे इस्टरच्या आदल्या रात्रीची प्रार्थना, त्यात सात जणांचा स्नानसंस्कार. मावशीची धर्ममाता हिल्डा स्वतःच. परतीचं विमान इस्टरनंतरच्या मंगळवारचं. सगळं कसं मापात बसलेलं. हिल्डाने घरून घंगाळ आणि स्टीलचा तांब्या नेला होता. एका फिलिपिनो मुलाला वाकून उभं केलं आणि तीनदा पाणी ओतून दाखवलं. पित्याच्या नावाने एकदा, पुत्राच्या नावाने एकदा, पवित्र आत्म्याच्या नावाने एकदा.

मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मावशी उभी राहिली होती. चेहऱ्यावर रक्त म्हणून नाही. ती भराभरा मेइला काहीतरी सांगत होती आणि हाताने दाखवत होती, असं, असं, असं, तीनदा.

"आँटी," मेइ म्हणाली, "ग्रँडमा सेज शी हॅज सीन धिस."

मग मेइने सांगितलं ते असं. आजी सहा वर्षांची असताना तिचा तान्हा भाऊ तापाने फणफणला. तिच्या दादीने, म्हणजे वडिलांच्या आईने, दार लावून घेतलं, हिच्या हातात दिवा दिला आणि बाळाच्या डोक्यावर वाटीने तीनदा पाणी घातलं. काही शब्द म्हटले. आणि म्हणाली, तुलाही मी असंच धुतलं होतं, तू या बाळाएवढी असताना. आजीला आजवर वाटायचं की तो तापावरचा घरगुती इलाज होता.

मेइ हसत होती. छान गोष्ट सापडली म्हणून. हिल्डाने मात्र घाईघाईने घंगाळ बाजूला सरकवलं.

"नंतर बोलू, नंतर," ती म्हणाली आणि उगाचच तांब्या पुसायला लागली. बाकीच्या सहा जणांना काही कळलं नाही.

हिल्डाला मात्र सगळं एका क्षणात कळलं होतं, कारण हेच तर ती दरवर्षी शिकवायची. स्नानसंस्कार आयुष्यात एकदाच. तो फादरनेच द्यायला हवा असं नाही. जीव धोक्यात असेल तर सुईणही देऊ शकते, दादीही. पाणी आणि शब्द बरोबर असले की झाला. दुसऱ्यांदा देता येत नाही, आणि जाणूनबुजून देणं तर मोठाच अपराध. आणि तो झाला असेल तर नंतरची पापं पाण्याने जात नाहीत. ती फादरसमोर बसून कन्फेशनमध्ये तोंडाने सांगावी लागतात.

तोंडाने. आणि ही हिल्डा बया मावशीला सांगून बसली होती, कोणाला सांगावं लागणार नाही, खलास!

दोन दिवस हिल्डाचं कशात लक्ष नव्हतं. ऑफिसात एका ड्रायव्हरच्या फॉर्मवर तिने स्वतःचीच जन्मतारीख लिहिली. प्रत्येक फॉर्मवरचा सातवा रकाना तिच्याकडे डोळे वटारून बघतोय असं वाटायचं. धर्ममाता म्हणून त्या चर्चच्या फॉर्मखाली तिला मंगळवारपर्यंत सही करायची होती, वरील माहिती खरी आहे म्हणून.

"फॉर्मवर नाही लिहिलंय ना?" पॅट्रिक म्हणाला. तो हॉटेलात बँक्वेटला होता, आयुष्यभर पाहुण्यांच्या नसत्या चौकशा न करण्याचा पगार घेतलेला माणूस. "मग नाही. तुला कोणी विचारलंय का? म्हातारी सुखाने येईल, सुखाने जाईल. तू कशाला नसती उठाठेव करतेस?"

"अरे, पण तिचा झालाय, पॅट्रिक. साठ-सत्तर वर्षं ती बाहेर उभी आहे असं समजून रडतेय, आणि ती आतलीच आहे."

"मग ते सांग तिला आणि पाणीपण ओत."

"तसं नाही करता येत!"

"तर मग आधी विचारायचं होतंस," पॅट्रिक म्हणाला. तेवढं एक वाक्य तिला सुरीसारखं लागलं, कारण खरं होतं. ऑक्टोबरात एक प्रश्न विचारला असता, तर सहा महिने हाताशी होते. आता पाच दिवस.

सोमवारी संध्याकाळी ती जिना चढून वर जायला निघाली, तर मावशीच खाली येत होती. डोळे सुजलेले. किचनमध्ये आल्या आल्या तिने हिल्डाचा फोन मागितला आणि उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. गणिताची बाई ती. पुढची पायरी तिने आपली आपणच मांडली होती.

"अगर दादी ने मुझे धो दिया था," फोन म्हणाला, "तो मुझे बोलना पड़ेगा।"

हिल्डाने मान हलवली.

"काग़ज़ पर नहीं लिखा है। सिर्फ़ तुम जानती हो, और मेइ। मेइ इसका मतलब नहीं जानती।"

म्हणजे पॅट्रिकचंच म्हणणं. हिल्डाच्या तोंडापर्यंत हो आलं होतं, हे लपवून कशाला ठेवा! एवढीशी टिक. कोणाचं काय जाणार होतं? पण तिने विचारलं ते भलतंच. "मावशी, असं केलंत तरी काय दादीला?"

मावशी खाली बसली. आणि तिने सांगितलं. त्या कोरड्या आवाजाच्या हिंदीत हिल्डाने ऐकलं, आणि गॅसवरची भाजी करपली तरी तिला उठवलं नाही.

बारा वर्षांची होती शूलान. वर्गात बेचाळीस मुलं. चांगल्या घरच्या मुलांच्या गळ्यात लाल रुमाल, हिच्या गळ्यात नाही, कारण हिचं घर संशयातलं. एका सकाळी मास्तरांनी विचारलं, कोणाच्या घरी जुन्या, वाईट वस्तू लपवलेल्या आहेत? कोणी बोलेना. हिने हात वर केला, उभी राहिली आणि मोठ्याने सांगितलं, माझ्या दादीने तांदळाच्या रांजणात बाईची मूर्ती ठेवली आहे. कोणती बाई ते हिल्डाला लगेच कळलं, चर्चमध्ये बाळ घेऊन उभी असते ती. कोणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. हिला रुमाल हवा होता. दुपारी माणसं आली, रांजण फुटला. दादीला शाळेच्या मैदानावर सगळ्यांसमोर दोन दिवस गुडघ्यांवर बसवलं. हिवाळा संपायच्या आत ती गेली. मरेपर्यंत तिने हिला एका शब्दाने विचारलं नाही. रुमाल मिळाला.

"मैंने किसी को नहीं बताया। पति को नहीं, बेटे को नहीं।" मावशीने वरच्या मजल्याकडे बोट केलं. "बेटा मुझसे ऐसे बात करता है जैसे दफ़्तर में करते हैं। मेरे पास एक मेइ है। वह जान गई तो मेरा हाथ पकड़ेगी क्या?"

हिल्डा तिच्याजवळ खाली फरशीवर बसली आणि दोघी रडल्या. मग मावशीने तोंड पुसलं आणि एक वाक्य म्हणाली, जे फोनने दोनदा सांगितलं, कारण हिल्डाला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. "जो छुपाना था वह मैंने बता दिया था। अब जो बताना है उसे कैसे छुपाऊँ? तुम जाओ, फ़ादर से कहो।"

मंगळवारी हिल्डा फादर ॲरॉनसमोर उभी राहिली. फादर मंगळूरचे, बोलायला मऊ, पण नियमाला पक्के. तिने टिकेपासून सगळं सांगितलं, फक्त पाप काय ते सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क तिचा नव्हताच. फादर रागावले नाहीत, हे तिला जास्तच लागलं. त्यांनी मावशीला आणि मेइला बोलावून घेतलं आणि विचारलं, दादी शब्द काय म्हणाली होती?

मावशीने डोळे मिटले. हातात दिवा धरल्यासारखी मूठ केली आणि सहा वर्षांच्या पोरीने ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मेइने चर्चमधल्या चिनी मिस्सेच्या पुस्तकातलं स्नानसंस्काराचं पान काढून शब्दावर बोट ठेवत ठेवत मिळवून पाहिलं. वळण जुनं होतं, पण शब्द तेच. एकही सुटलेला नव्हता.

"हो गया है," फादर म्हणाले. त्यांचाही आवाज जरा हलला होता. "जिने एवढे शब्द चोख म्हटले, तिने हिच्या वेळी चुकवले असतील असं मी म्हणणार नाही. पाणी पुन्हा नाही. शनिवारी दृढीकरणाचं तेल लावू आणि कम्युनियनची पवित्र भाकर देऊ. शेवटच्या रांगेत बसा, फोटो कोणी काढणार नाही, ते मी बघतो. त्याआधी कन्फेशन. उद्या चार वाजता."

"पण भाषा, फादर?" हिल्डा म्हणाली. "माझा फोन..."

"कन्फेशनला मशीन नाही. दुभाषी चालतो, त्याने मरेपर्यंत गुप्त ठेवायचं असतं. तो नको असेल तर चिनीत बोला. मला कळणार नाही. देवाला कळतं. पश्चात्ताप दिसला की मी क्षमा देऊ शकतो."

मेइने हे आजीला सांगितलं, आणि हिल्डाला मावशीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं डोळ्यांनी दिसलं. चिनीत! म्हणजे बोलायचंही आणि कोणाला कळायचंही नाही. हिल्डाने मनातल्या मनात देवाचे शंभर आभार मानले. तिचंही वचन जवळजवळ पाळल्यासारखं झालं असतं.

बुधवारी चार वाजता चर्चमध्ये ही गर्दी. पवित्र आठवडा, त्यामुळे कन्फेशनची रांग थेट बाहेरच्या नळापर्यंत, मल्याळी, फिलिपिनो, कोकणी, सगळे. फादरनी मावशीसाठी वर्गाची खोली निवडली होती. काचेचं दार, आत दोन खुर्च्या. मेइ बाकावर कानात इअरफोन घालून बसली. हिल्डा दाराशी पहारा देत उभी राहिली. मावशी आत गेली, दार लागलं.

काचेतून दिसत होतं. फादरनी क्रूसाची खूण केली. मावशी बसली, तोंड उघडलं. दोन वाक्यं झाली असतील नसतील. फादर मान खाली घालून ऐकत होते, न कळणारं. मावशी थांबली. त्यांच्याकडे बघत राहिली. आणि उठून दार उघडून बाहेरच आली.

हिल्डाच्या तोंडचं पाणी पळालं. गेलं! जमलं नाही हिला. आता कसला शनिवार, कसली कम्युनियन. मंगळवारी ही विमानात बसणार आणि जशी आली तशीच परत जाणार, आणि सगळं माझ्या एका टिकेपायी.

पण मावशी तिच्याकडे आलीच नाही. ती बाकाशी गेली, मेइच्या कानातला इअरफोन स्वतःच्या हाताने काढला आणि उभ्याने काही बोलली.

मेइ गोंधळून हिल्डाकडे वळली. "शी वाँट्स मी इन्साइड. शी सेज..." पोरीला शब्द जुळवायला वेळ लागला, मग ती इंग्रजीत सावकाश म्हणाली, "वर्गात मी बोलले तेव्हा बेचाळीस जणांना कळलं होतं. आता कोणालाच न कळता सांगितलं, तर ते सांगितलं असं होत नाही. व्हॉट क्लास, आँटी?"

हिल्डाला वाटलं, अडवावं. ओरडून सांगावं, अहो मावशी, तुमच्याकडे ही एकच तर आहे, हिच्याच तोंडून वदवून घेणार? तिने मेइचं मनगट पकडलं. "बेटा, ऐक. आत जे ऐकशील ते कोणाला सांगायचं नाही. बाबांना नाही, मैत्रिणीला नाही, मलाही नाही. कधीच. कळलं?"

मेइ हसली, पण ते हसू काही तिच्या वयाचं नव्हतं. "आँटी, इन अवर हाउस नोबडी टेल्स एनीबडी एनीथिंग."

दोघी आत गेल्या. फादरनी तिसरी खुर्ची ओढली. मावशी बसली नाही. ती उभीच राहिली, हात दोन्ही बाजूंना सरळ, शाळेत उत्तर द्यायला पोर उभं राहतं तशी, आणि बोलली. एक वाक्य बोलायची आणि थांबायची. मेइ ते इंग्रजीत सांगायची. पहिली दोन-तीन वाक्यं पोरीने सहज सांगितली. चौथ्याला ती अडली. तिने आजीला काहीतरी विचारलं. आजीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मेइकडे न बघता. मेइचा हात तोंडावर गेला. हिल्डाने दारावर कपाळ टेकलं. बोल ग माझी बाई, बोल, नको थांबूस. मग मेइने हात काढला आणि सांगितलं. पुढचंही सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं, गालांवरून पाणी वाहत होतं तरी.

"कितना टाइम लगेगा?" मागून कोणी मल्याळी काका विचारत होते.

"जितना लगेगा उतना लगेगा!" हिल्डा एवढी खेकसली, की ते दोन पावलं मागे सरले.

आत फादरनी हात उचलला होता. त्यांचे ओठ हलत होते. मावशी त्या हाताकडे बघतच नव्हती. आता ती मेइकडे बघत होती, डोळे न मिटता, आणि हिल्डाने माणसाला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. फादर थांबले आणि त्यांनी मेइला मानेने खुणावलं. तेव्हा कुठे हिल्डाच्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस ती मावशीचे शब्द त्या पोरीच्या तोंडून बाहेर कसे जातील याच्याच काळजीत होती. फादरचे शब्दही त्याच तोंडाने परत येणार, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. क्षमेचं वाक्य आजीला सांगायचं होतं ते मेइने.

मेइ उठली. आजीच्या समोर आली, तिचे सरळ ठेवलेले दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले आणि चिनीत ते वाक्य म्हणाली. छोटंच असावं.

मावशीने एक हात सोडवून बोट वर केलं. वर्गात मुलाला पुन्हा म्हणायला सांगतात तसं.

मेइने ते पुन्हा म्हटलं.